उभ्या विमानांच्या मालक-व्यवस्थापकांना खुले पत्र

प्रति,
उड्डाण प्रशिक्षण संस्थांचे संचालक व व्यवस्थापक, खासगी विमानांचे मालक,
तसेच बंद विमानांचा ताबा ज्यांच्याकडे आहे असे सर्व अधिकारी यांस,



विमानाचे इंजिन चालल्याने झिजते हे सर्वांना मान्य आहे आणि त्या झिजेचा हिशेब ठेवण्याची शिस्त भारतीय विमानक्षेत्रात चांगली रुजलेली आहे. उड्डाणाचा प्रत्येक तास लॉगबुकात चढतो, ५० व १०० तासांच्या तपासण्या ठरल्या वेळी होतात, तेल बदलताना फिल्टर कापून त्यात धातूचे कण आहेत का हे पाहिले जाते, आणि उत्पादकाने ठरवून दिलेले तास भरले की इंजिन संपूर्ण उघडून नव्याने जुळवले जाते, म्हणजेच त्याचे ओव्हरहॉल होते. परंतु तेच इंजिन काही कारणाने थांबले की हा हिशेबही थांबतो, जणू तास वाढत नाहीत म्हणजे इंजिनाला काही होतच नाही. प्रत्यक्षात थांबलेल्या इंजिनाला गंज लागतो, तो आतून लागतो, बाहेरून पाहणाऱ्याला दिसत नाही, आणि त्याने केलेले नुकसान बहुधा इंजिन पुन्हा सुरू होऊन कित्येक तास उलटल्यावर उघडकीस येते. अशा वेळी दोष हँगरमधल्या तंत्रज्ञांच्या पदरी टाकला जातो. इंजिन किती दिवस थांबणार हे मात्र तंत्रज्ञांना सांगितलेले नसते, आणि गंजरोधक तेलाचा एक डबा मागवायचा तरी त्यावर व्यवस्थापनाची सही लागते. म्हणून हे पत्र तंत्रज्ञांना न लिहिता सही करणाऱ्यांना लिहिलेले आहे.

गंज नेमका कोठे लागतो हे समजल्याखेरीज पुढच्या तक्रारींचे गांभीर्य लक्षात येणार नाही. भारतातील प्रशिक्षण संस्थांमध्ये सेस्ना १५२ आणि १७२ ही विमाने मोठ्या संख्येने वापरात आहेत आणि त्यांतील बहुतेकांवर लायकमिंग कंपनीची, समोरासमोर आडवे सिलिंडर असलेली व हवेने थंड होणारी पिस्टन इंजिने बसवलेली असतात. या इंजिनांत कॅमशाफ्ट, म्हणजे उंचवट्यांच्या साहाय्याने झडपा ठरल्या क्षणी उघडणारा दांडा, क्रँकशाफ्टच्या वरच्या बाजूला, तळातील तेलापासून बराच दूर असतो. इंजिन चालू असते तोवर त्याच्यावर तेलाचे शिंतोडे उडत राहतात; ते थांबले की हे तेल हळूहळू ओघळून तळाशी जाते आणि कॅमचे उंचवटे व त्यांना टेकलेले टॅपेट यांचे गुळगुळीत पोलाद जवळजवळ उघडे पडते. क्रँककेसला बाहेरच्या हवेशी जोडणारी नळी उघडीच असल्यामुळे दिवसा तापणारे आणि रात्री गार होणारे इंजिन रोज थोडी दमट हवा आत ओढते, आणि त्या हवेतील वाफ थंड पोलादावर डोळ्यांना न दिसणाऱ्या थराच्या रूपाने जमते. हवा एखाद्या तापमानाला जास्तीत जास्त जितकी वाफ धरू शकते, तिच्या किती टक्के वाफ तिच्यात प्रत्यक्ष आहे या प्रमाणाला सापेक्ष आर्द्रता म्हणतात. हे प्रमाण साधारण ६० टक्क्यांच्या पुढे गेले की उघड्या लोखंडाचे गंजणे झपाट्याने वाढते. त्यातच वापरलेल्या तेलात ज्वलनातून आलेली आम्ले आधीच मिसळलेली असतात. विमानाच्या पेट्रोलात शिशाचे संयुग असते आणि ते शिसे बाहेर पडावे म्हणून ब्रोमीनयुक्त द्रव्य घातलेले असते, त्यामुळे त्यांचे अवशेष पाण्याच्या संपर्कात आल्यावर आम्लता आणखी वाढते.

पहिला डाग म्हणजे केवळ रंगातील बदल वाटतो, परंतु त्याच्याखाली पोलादात सूक्ष्म खड्डे पडलेले असतात. कॅम आणि टॅपेट यांच्या स्पर्शरेषेवर प्रचंड दाब येत असल्यामुळे इंजिन पुन्हा चालू झाले की या खड्ड्यांच्या कडा तुटतात, पृष्ठभागाचे पापुद्रे निघू लागतात, त्यांचे कण तेलाबरोबर फिरून इतर भागांना ओरखडे पाडतात, आणि शेवटी उंचवटाच झिजून झडप पुरेशी उघडेनाशी होते. कॅमशाफ्ट बदलायचा तर क्रँककेसचे दोन्ही अर्धे भाग वेगळे करावे लागतात, म्हणजे व्यवहारात संपूर्ण ओव्हरहॉलचाच खर्च अंगावर येतो. सिलिंडरांची अवस्था याहून चांगली नसते. लायकमिंगने आपल्या सेवापत्रात स्पष्ट म्हटले आहे की दमट प्रदेशात नव्या इंजिनाच्या सिलिंडरच्या भिंतींवर केवळ दोन दिवसांच्या खंडानेही गंज आढळू शकतो. ५० तासांहून अधिक चाललेल्या इंजिनात त्या भिंतींवर वार्निशासारखा संरक्षक थर तयार झालेला असतो, त्यामुळे हवामान अनुकूल असेल तर ते काही आठवडे सुरक्षित राहू शकते. ओव्हरहॉल करून नुकतेच आलेले, म्हणजे संस्थेने सर्वाधिक पैसा ज्यावर खर्च केला आहे असे इंजिन सर्वांत असुरक्षित असते, हा त्यातून निघणारा निष्कर्ष फारसा कोणी लक्षात घेताना दिसत नाही.

पहिली तक्रार अशी की विमान थांबते तेव्हा ते थांबवण्याचा निर्णय कोणीच घेतलेला नसतो. प्रोपेलरचा सुटा भाग परदेशातून यायचा असतो, विम्याचे नूतनीकरण अडकलेले असते, प्रशिक्षकाने नोकरी सोडलेली असते, पेट्रोलाचा पुरवठा लांबलेला असतो किंवा पावसाळ्यात ढग इतके खाली उतरलेले असतात की प्रशिक्षणाची उड्डाणे आठवडाभर होत नाहीत. आणि या प्रत्येक वेळी ‘दोन दिवसांत उडेल’ असे सांगितले जाते. त्या दोन दिवसांचे दोन महिने होतात, तरी ते विमान कागदोपत्री उपलब्धच राहते. इंजिनाचे परिरक्षण, ज्याला हँगरमध्ये सगळे प्रिझर्व्हेशन म्हणतात, ते केले की विमान उपलब्ध विमानांच्या यादीतून काही काळ वगळावे लागते आणि संस्थेची क्षमता तितकी कमी दिसते. ते टाळण्यासाठी इंजिन विनासंरक्षण उभे ठेवले जाते, हे या तक्रारीचे मूळ आहे. लायकमिंगचे सांगणे असे की विमान ३० दिवस किंवा अधिक काळ उडणार नाही हे माहीत असेल तर परिरक्षण करावे, आणि विमान खाऱ्या पाण्याजवळ किंवा तशाच दमट जागी असेल तर ते आवर्जून करावे. यातील ‘माहीत असेल तर’ हे शब्द थेट व्यवस्थापकांना लागू पडतात. सुटा भाग सहा आठवड्यांनी येणार हे खरेदी विभागाच्या पत्रव्यवहारात लिहिलेले असते. तेवढी माहिती त्याच दिवशी देखभाल विभागाला लेखी कळवली जावी, आणि तारीख अनिश्चित असेल तर ती ३० दिवसांच्या पुढचीच आहे असे धरून काम व्हावे, ही पहिली विनंती.

दुसरी तक्रार अधिक जुनी आणि अधिक हानिकारक सवयीविषयी आहे. उभ्या विमानाचे इंजिन आठवड्यातून एकदा पाच-दहा मिनिटे जमिनीवर सुरू करून बंद करणे म्हणजे त्याची काळजी घेणे, अशी समजूत जवळजवळ सर्वत्र आढळते, आणि ती चांगल्या हेतूने बाळगलेली असल्यामुळे सुटणेही कठीण जाते. पेट्रोल म्हणजे हायड्रोजन व कार्बन यांची संयुगे. ती जळताना हायड्रोजनचे पाणी होते, आणि रसायनशास्त्राच्या साध्या हिशेबाने एक लिटर पेट्रोलातून जवळपास एक लिटर पाणी तयार होते. त्यातील बहुतेक वाफ होऊन एग्झॉस्टवाटे निघून जात असले तरी काही भाग पिस्टनच्या रिंगांजवळून निसटून क्रँककेसमध्ये शिरतो आणि तेलात मिसळतो. उड्डाणात तेल दीर्घकाळ तापलेले राहत असल्यामुळे हे पाणी उडून जाते. जमिनीवरच्या दहा मिनिटांत सिलिंडरांचे माथे तापतात, पण तेलाच्या साठ्याला तेवढे तापमान आणि तेवढा अवधी मिळत नाही. म्हणजे आधी आत असलेले पाणी तसेच राहते आणि त्यात नव्या पाण्याची व नव्या आम्लाची भर पडते. हे दर आठवड्याला करणारी संस्था आपल्या इंजिनाला दर आठवड्याला ओलावा पाजत असते. उत्पादकाची अपेक्षा अगदी वेगळी आहे: ३० दिवसांहून अधिक खंड न पडू देता किमान एक तासाचे सलग उड्डाण व्हावे आणि त्यात तेलाचे तापमान १६५ ते २०० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ७४ ते ९३ अंश सेल्सियस राहावे, जमिनीवर इंजिन चालवणे हा उड्डाणाला पर्याय नाही, असे त्याच सेवापत्रात नमूद आहे. तापमापकाच्या अचूकतेलाही येथे महत्त्व आहे, कारण जुन्या विमानातील मापक चुकीचे दाखवत असेल तर तेल पुरेसे तापल्याचा केवळ भास होतो. विमान उडवता येत नसेल तर ते सुरूही करू नये आणि त्याचे परिरक्षण करावे, इतका सरळ नियम प्रत्येक संस्थेने लिहून हँगरच्या भिंतीवर लावावा.

याच सवयीचे दुसरे रूप म्हणजे येता-जाता प्रोपेलर हाताने फिरवणे. या बाबतीत दोन प्रमुख उत्पादकांचे मार्गदर्शन सारखे नाही, आणि गोंधळाचे कारण बहुधा हेच आहे. काँटिनेंटल कंपनीच्या मार्गदर्शनात अल्पकाळ थांबलेल्या इंजिनाचा प्रोपेलर दर सात दिवसांनी हाताने फिरवून मूळ स्थितीपेक्षा वेगळ्या स्थितीत थांबवण्याची पद्धत सांगितलेली आहे. लायकमिंगने मात्र गंज टाळण्यासाठी प्रोपेलर हाताने फिरवण्याची शिफारस केलेली नाही, कारण इंजिन न चालता पिस्टन मागेपुढे झाले की रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर उरलेले तेल पुसून काढतात आणि कॅमवर नवे तेल पोचत नाही. काँटिनेंटलच्या इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या खाली असतो, हा रचनेतील फरकही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. एका कंपनीचा नियम दुसऱ्या कंपनीच्या इंजिनाला लावणे हे अज्ञानाने घडते, आणि ज्या संस्थेकडे दोन्ही प्रकारची इंजिने आहेत तेथे ते सहज घडते. मॅग्नेटोची, म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगी निर्माण करणाऱ्या यंत्राची, जोडणी सदोष असेल तर हाताने फिरवलेला प्रोपेलर इंजिन अचानक सुरू करून फिरवणाऱ्याचा जीव घेऊ शकतो, ही गोष्ट गंजापेक्षाही गंभीर आहे.

मग परिरक्षण म्हणजे नेमके काय, हे सही करणाऱ्यांनी एकदा तरी समजून घ्यावे, कारण त्यातील प्रत्येक टप्प्याला सामान, वेळ आणि मनुष्यबळ लागते आणि त्या तिन्ही गोष्टी त्यांच्याच हाती असतात. प्रथम वापरलेले, आम्लयुक्त तेल इंजिन गरम असताना काढून टाकले जाते आणि त्या जागी परिरक्षक तेल भरले जाते. हे तेल म्हणजे लष्करी प्रमाणकाचे गंजरोधक संहत द्रव्य एक भाग आणि विमान-इंजिनांचे साधे खनिज तेल तीन भाग असे मिश्रण असते. ते इंजिनात सर्वत्र पोचेल इतके फिरवून झाल्यावर स्पार्क प्लग काढले जातात, आणि सुमारे ९३ ते १०४ अंश सेल्सियसला तापवलेले तेच मिश्रण फवारणीच्या नळीने प्रत्येक सिलिंडरमध्ये सोडले जाते; एका सिलिंडरला सुमारे दोन औंस, म्हणजे साधारण ६० मिलिलिटर तेल लागते. फवारा गरम हवा, कारण थंड तेल थेंबाथेंबाने पडते आणि भिंतीवर सलग थर धरत नाही. शेवटची फवारणी झाल्यावर क्रँकशाफ्ट तसूभरही हलवायचा नसतो, अन्यथा नुकताच बसलेला थर पिस्टनच पुसून टाकतो. म्हणूनच इंजिन परिरक्षित आहे, प्रोपेलर फिरवू नये, अशी ठळक सूचना प्रोपेलरवर बांधली जाते. वरच्या स्पार्क प्लगांच्या जागी आर्द्रताशोषक प्लग बसतात. त्यांच्या पारदर्शक पोटात सिलिका जेलचे दाणे असतात, आणि कोबाल्टचे संयुग मिसळलेले हे दाणे कोरडे असताना निळे व ओलावा शोषल्यावर गुलाबी दिसतात. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी व एग्झॉस्टमध्ये आर्द्रताशोषकाच्या पिशव्या ठेवून ती तोंडे, तसेच क्रँककेसची श्वासनळी, ओलावा न जाऊ देणाऱ्या आवरणाने बंद केली जातात, आणि प्रत्येक पिशवीला बाहेर लोंबणारी लाल फीत बांधली जाते.

या कामाला लागणाऱ्या सामानात दुर्मीळ असे काही नाही आणि अनुभवी तंत्रज्ञाला ते एका दिवसात करता येते. तरीही ते होत नाही, कारण सामान भांडारात नसते, आणि विमान थांबल्यावर मागवलेले सामान येईपर्यंत गंजाला हवा तेवढा अवधी मिळून गेलेला असतो. प्रत्येक संस्थेने आपल्या ताफ्यातील किमान काही इंजिनांना पुरेल इतके परिरक्षक तेल, आर्द्रताशोषक प्लग, पिशव्या आणि आवरणे पावसाळ्याआधी भांडारात ठेवावीत, ही या पत्रातील सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत उपयोगी विनंती आहे.

पावसाळ्याचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे. परदेशी उत्पादकांची मुदतपत्रके जगभरच्या हवामानांसाठी लिहिलेली असतात आणि त्यांतील सवलती कोरड्या प्रदेशाला शोभणाऱ्या असतात. ॲरिझोनातील ट्यूसनजवळ अमेरिकी लष्कराची हजारो विमाने उघड्यावर उभी असतात, ऑस्ट्रेलियातील ॲलिस स्प्रिंग्जला आणि स्पेनमधील तेरुएलला साथीच्या काळात मोठी प्रवासी विमाने नेऊन ठेवली गेली, ती तेथील हवा कोरडी आहे म्हणूनच. मुंबईत जुलै महिन्यातील सरासरी सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांहून अधिक असते. १९२८ साली सुरू झालेला जुहूचा विमानतळ तर समुद्राला लागून आहे आणि तेथील वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात. पावसाळ्यात उघडी राहिलेली मिठाची बरणी जशी आपोआप ओलसर होते, तसा धातूवर बसलेला हा थर हवेतील ओलावा ओढून घेतो, आणि त्यातील क्लोराइड संरक्षक थर भेदून गंजाला खोलवर नेते. गोव्याच्या किनाऱ्यालगत उभ्या असलेल्या विमानांचीही हीच स्थिती आहे. बारामती, धुळे, जळगाव, गोंदिया ही ठिकाणे समुद्रापासून दूर असल्यामुळे मिठाचा त्रास तेथे नाही, परंतु जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत हवा तेथेही दमट असते आणि उड्डाणेही नेमकी तेव्हाच कमी होतात. म्हणून कोकणात व गोव्यात ३० दिवसांची वाट न पाहता, आणि इतरत्र निदान पावसाळ्यापुरती तरी, ही मुदत निम्म्यावर आणण्याचा अंतर्गत नियम संस्थांनी करावा. उत्पादकापेक्षा कडक नियम करण्यास कोणताही कायदा आड येत नाही.

परिरक्षण करून इंजिन विसरले जाते, ही आणखी एक तक्रार. निळे दाणे गुलाबी झाले की आर्द्रताशोषकाची क्षमता संपलेली असते, आणि त्यानंतर बंद केलेल्या इंजिनात अडकलेला ओलावा बाहेरही जाऊ शकत नाही, त्यामुळे न पाहिलेले परिरक्षण कधी कधी न केलेल्या परिरक्षणाइतकेच वाईट ठरते. ठरावीक दिवसांनी प्लगचा रंग पाहणे, बदलणे, तारीख व सही लिहिणे, आणि मुदत संपली की फवारणी पुन्हा करणे यांसाठी जबाबदार व्यक्तीचे नाव ठरलेले असावे. लाकडी खोक्यात ठेवलेल्या राखीव इंजिनांना हे विशेष लागू आहे, कारण ते खोके भांडाराच्या मागच्या कोपऱ्यात जाते आणि आतील इंजिनाचे परिरक्षण कारखान्यात कोणत्या महिन्यात झाले होते हे वाचण्यासाठी झाकण कोणी उघडत नाही. लॉगबुकात परिरक्षणाची तारीख, वापरलेले द्रव्य, बसवलेल्या प्लगांची आणि पिशव्यांची संख्या या चारही गोष्टी असाव्यात. संख्या महत्त्वाची, कारण इंजिन पुन्हा सुरू करताना तेवढ्याच वस्तू बाहेर निघाल्या पाहिजेत. आत राहिलेली एक पिशवीही इंजिनाचा श्वास कोंडते. त्याच वेळी खालचे स्पार्क प्लग काढून सिलिंडरांत साचलेले तेल निथळू द्यावे लागते, नाहीतर द्रव दाबला जात नसल्यामुळे पिस्टनचा दांडा वाकतो. ही घाईची कामे नव्हेत. ‘उद्या सकाळी विद्यार्थी यायचे आहेत’ या कारणाने ती घाईत करून घेऊ नयेत.

जेट आणि टर्बोप्रॉप इंजिनांविषयी थोडे वेगळे बोलावे लागते. त्यांच्यात गंजाची भीती बेअरिंगांना, कॉम्प्रेसरला आणि इंधनाचे नियमन करणाऱ्या सूक्ष्म यंत्रणेला असते. म्हणून इंधनमार्गात परिरक्षक तेल भरले जाते, तोंडे झाकली जातात आणि आतली हवा ४० टक्क्यांहून कमी आर्द्रतेची ठेवण्याचा प्रयत्न केला जातो. प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाच्या पीटी६ या सर्वत्र आढळणाऱ्या टर्बोप्रॉप इंजिनासाठी सात, २८ व ९० दिवस असे टप्पे ठरलेले आहेत आणि दर टप्प्याला काम वाढत जाते. विमान उभे राहिल्याने काय होऊ शकते याचा धडा २०२० साली साऱ्या जगाला मिळाला. महासाथीमुळे उड्डाणे थांबली, आणि त्या वर्षी जुलैत अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने बोइंग ७३७च्या क्लासिक व त्यानंतरच्या एनजी मालिकेतील विमानांसाठी तातडीचा आदेश काढला: सलग सात किंवा अधिक दिवस उभ्या राहिलेल्या विमानांच्या इंजिनांतून दाबयुक्त हवा घेणाऱ्या मार्गातील एकदिशा झडप उड्डाणापूर्वी तपासावी, कारण गंजामुळे ती उघडी अडकून एकेक इंजिन बंद पडल्याच्या चार घटनांची नोंद झाली होती, आणि दोन्ही इंजिनांत हेच एकाच वेळी घडले तर ती पुन्हा सुरू न होण्याचा धोका होता. सात दिवस हा आकडा व्यवस्थापकांनी पुन्हा वाचावा. जी यंत्रे जगातील सर्वांत शिस्तशीर देखभालीत असतात, त्यांची ही स्थिती होती.

आता ज्यांच्या ताब्यात विमान व्यवसायासाठी नव्हे तर वादामुळे आलेले असते, त्यांच्याविषयी. दिवाळखोरीच्या प्रक्रियेत कंपनीचा कारभार सांभाळणारे रिझोल्युशन प्रोफेशनल, कर्जवसुली करणाऱ्या बँका, जप्ती करणाऱ्या यंत्रणा आणि आदेश देणारी न्यायालये यांना इंजिनाची अंतर्रचना माहीत असावी अशी अपेक्षा करता येत नाही. परंतु किंगफिशरची उड्डाणे २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेजची २०१९ मध्ये आणि गो फर्स्टची मे २०२३ मध्ये. गो फर्स्टकडे भाडेपट्ट्याने असलेल्या ५४ विमानांची नोंदणी रद्द करण्याचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये दिला, आणि मधल्या काळात विमानांची पाहणी व देखभाल कोणी करायची हाही न्यायालयासमोरचा एक प्रश्न होऊन बसला होता. विमानाची मालकी कोणाची हे ठरायला वर्ष लागले तरी चालते, पण गंज त्या निकालासाठी थांबत नाही, आणि शेवटी ज्याच्या हाती विमान जाते त्याच्या हाती घटलेल्या किमतीचे इंजिन पडते. धनकोंचेही त्यात नुकसानच असते. म्हणून विमान जागेवरून हलवू नये असा आदेश ज्या दिवशी निघतो, त्याच आदेशात इंजिनांचे परिरक्षण परवानाधारक अभियंत्याकडून ठरलेल्या मुदतीत करून घ्यावे, त्याचा खर्च प्रक्रियेच्या खर्चात धरावा आणि त्यासाठी अभियंत्याला विमानापर्यंत जाऊ द्यावे, असे एक कलम असावे. ही मागणी कोणत्याही एका पक्षाच्या बाजूची नाही.

जुने विमान विकत घेणाऱ्यांशीही दोन शब्द बोलणे आवश्यक आहे, कारण उभ्या इंजिनांची उपेक्षा त्यांच्या गैरसमजावरही पोसली जाते. विक्रीच्या जाहिरातीत ‘फारच कमी तास चाललेले’ हे वर्णन गुण म्हणून छापले जाते आणि ग्राहक त्याला भुलतात. लायकमिंगच्या अनेक इंजिनांना ओव्हरहॉलसाठी २,००० तासांची मर्यादा असते, पण तिच्याबरोबरच १२ वर्षांची कालमर्यादाही सांगितलेली असते, आणि नियमित व भरपूर उडणाऱ्या इंजिनांना तासांत वाढही मिळते, यामागचा विचार उघड आहे. दहा वर्षांत ३०० तास चाललेले इंजिन तीन वर्षांत १,५०० तास चाललेल्या इंजिनापेक्षा अनेकदा अधिक संशयास्पद असते. खरेदीदाराने तासांबरोबर खंडांच्या तारखा मागाव्यात, त्या खंडांत परिरक्षण झाल्याच्या सह्या मागाव्यात, बोअरस्कोपने, म्हणजे बारीक नळीच्या टोकाशी कॅमेरा असलेल्या उपकरणाने, सिलिंडर आतून पाहावेत, आणि शक्य तेथे एखादा टॅपेट किंवा सिलिंडर काढून कॅमचे उंचवटे प्रत्यक्ष पाहण्याचा आग्रह धरावा. असा आग्रह धरणारे ग्राहक वाढले की परिरक्षणाची नोंद हीच विमानाची किंमत टिकवणारी गोष्ट ठरेल आणि मालकांना वेगळ्या उपदेशाची गरज उरणार नाही.

शेवटची विनंती अधिकाराविषयी आहे. एखादे विमान थांबलेले असून त्याचे परिरक्षण व्हायला हवे, असे देखभाल अभियंत्याने लेखी कळवले तर ते नाकारण्याचे कारण व्यवस्थापनाने लेखीच द्यावे आणि ते कारण इंजिनाच्या लॉगबुकाला जोडावे. अभियंत्याला परवाना देताना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय त्याच्या निर्णयावर विश्वास टाकते, तर तोच विश्वास त्याच्या संस्थेने पावसाळ्यातील एका इंजिनाच्या बाबतीत टाकायला हरकत नसावी. एखाद्या इंजिनाचे परिरक्षण अनावश्यक ठरले आणि विमान दहाव्या दिवशीच उडाले, तर थोडे तेल आणि तंत्रज्ञाचा एक दिवस एवढाच खर्च वाया जातो. ते आवश्यक असूनही झाले नाही, तर संपूर्ण ओव्हरहॉल करावे लागते आणि विमान त्याहून कितीतरी अधिक महिने उभे राहते. येत्या जूनपूर्वी प्रत्येक संस्थेने आपल्या ताफ्यातील प्रत्येक इंजिनाच्या शेवटच्या उड्डाणाची तारीख एका कागदावर उतरवून ती अभियंत्यासमोर ठेवावी, आणि ज्या तारखेला महिना उलटून गेला आहे तिच्यासमोर काय करायचे ते त्याच बैठकीत ठरवावे.



आपला नम्र,
विमान-इंजिनांच्या देखभालीचा एक अभ्यासक